ज्ञानेश्वरी आणि डायलिसिसची गाडी

ज्या कार्यक्रमात आम्ही ज्ञानेश्वरीला शाल-नारळ दिलं, त्याच कार्यक्रमात मागच्या रांगेत पुंजारामबाबा बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते. उपचार बंद करायचे आणि घरीच मरायचं, हे त्यांचं तेव्हाच ठरलेलं होतं. मला हे नंतर कळलं.

मी सुनीती, जामखेडची निवृत्त शिक्षिका. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा नगरला जाऊन रक्त शुद्ध करून घ्यायचं, म्हणजे डायलिसिस, यावर माझं चाललंय. आमच्यासारख्यांना नेण्या-आणण्यासाठी एका संस्थेने गाडी ठेवली आहे. कल्याण नावाचा ड्रायव्हर ती चालवतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार एक तुकडी जाते, मंगळवार-गुरुवार-शनिवार दुसरी. मी दुसऱ्या तुकडीत. पुंजारामबाबाही तेव्हा दुसऱ्या तुकडीतच होते.

ज्ञानेश्वरी या गाडीची आखणी करते. कोणाला कुठल्या दिवशी न्यायचं, कोणाला आधी घ्यायचं, कोणाला कुठे सोडायचं, सगळं तिच्याकडे.

ही पोरगी शेतकऱ्याची. वडील गोरक्षनाथ, जामखेडजवळच त्यांची थोडी जिरायत आणि चार जनावरं. ज्ञानेश्वरी कॉलेजात असताना तिच्या आईला हाच आजार झाला. तेव्हा ही गाडी नव्हती. गोरक्षनाथ बायकोला एस.टी.ने नगरला न्यायचे. येताना ती बाई सीटवर आडवी व्हायची आणि ज्ञानेश्वरी उभ्याने, आईचे पाय वळले की चोळत, जामखेडपर्यंत यायची. पुढे आई गेली. पोरीने रडत रडत पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण पुरं केलं आणि सुप्याच्या एका कारखान्यात नोकरी धरली. तिथे कामगारांच्या बस कुठून कशा फिरवायच्या हेच ती ठरवायची. पण घरी वडील एकटे पडले, भाकरीची पंचाईत व्हायला लागली, तेव्हा ती परत आली. संस्थेचे सचिव काकासाहेब तिला ओळखत होते. ते म्हणाले, "ज्ञानू, आपल्या गाडीचं बघशील का?"

ती बघायला लागली तेव्हाची गोष्ट.

आमची गाडी फिरायची तशी फिरायची. कोणी नवीन पेशंट आला की त्याला जागा असेल त्या तुकडीत घालायचं, असं करत करत दोन्ही तुकड्यांत सगळ्या दिशांची माणसं मिसळली होती. काही डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांवरची, काही खालच्या अंगाच्या गावांतली, काही आम्ही जामखेडातली. रोज गाडीला दोन्हीकडे जावं लागे. घरी पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा.

एकदा ज्ञानेश्वरी गाडीत माझ्या शेजारी बसली होती. मी विचारलं, "तू हे करतेस तरी कसं गं?"

ती म्हणाली, "बाई, एवढी माणसं, एवढी गावं. सगळे क्रम तपासायचे म्हटलं तर जगातला मोठ्यात मोठा कॉम्प्युटरही पुरणार नाही. म्हणून आधी एक कशीतरी मांडणी घ्यायची. मग त्यातली दोन माणसं अदलाबदल करून बघायची. गाडीचा एकूण वेळ कमी झाला तर बदल ठेवायचा, वाढला तर जसं होतं तसं करायचं. मग पुढची दोन. असं करत जायचं, जोवर कुठलाच बदल फायद्याचा उरत नाही तोवर. याला लोकल सर्च म्हणतात. लांब कुठे जायचं नाही, हाताशी आहे तिथंच शोधायचं."

मला ते पटलं. नोकरीत माझ्या कितीतरी बदल्या झाल्या. दर बदलीला टेम्पोत संसार भरायचा. मी म्हटलं, "आमचे हे असंच करायचे. कपाट तिकडे, पिंप इकडे, गादी उभी. शेवटी काहीही हलवलं तरी जागा कमीच व्हायची. तेव्हा म्हणायचे, भरला टेम्पो."

ती हसली. "अगदी तस्संच. फक्त त्यात एक गोची आहे, बाई. कधीकधी कुठलीच एक वस्तू हलवून जागा होत नाही, पण सगळा टेम्पो रिकामा करून कपाटच आधी आडवं टाकलं असतं, तर आणखी चार पोती मावली असती. ते आतल्या आत सरकवून कळत नाही. म्हणून खरं तर निरनिराळ्या सुरुवाती करून बघाव्या लागतात. कधी मुद्दाम थोडं बिघडवूनही बघावं लागतं."

तिला हे सगळं माहीत होतं. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

कॉम्प्युटरने तिला मांडणी काढून दिली. तिने मला मोबाईलवर दाखवलं. गाडीच्या एकूण वेळाचा एक आकडा होता, तो भराभर उतरत गेला, मग हळूहळू, मग थांबला. "आता कुणाचीही अदलाबदल करा, वाढतोच," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. उतार इतका मोठा होता की पुन्हा पहिल्यापासून मांडून बघावं, असं तिला वाटलंच नाही. कुणालाच वाटलं नसतं.

नव्या क्रमात मुख्य बदल पुंजारामबाबांचा होता. त्यांची वस्ती डोंगराच्या अंगाला, सगळ्यांपासून बाजूला. पूर्वी नगरहून येताना जामखेडच्या अलीकडे गाडी फाट्याने आत वळायची, बाबांना सोडायची आणि तोच रस्ता तुडवत मागे फिरून मग आम्हाला आणायची. जाताना याच्या उलट, बाबा सगळ्यात शेवटी चढायचे. दरम्यान वस्तीच्या मागून जामखेडला येणारा रस्ता डांबरी झाला. तेव्हा गाडीने सकाळी आधी मागच्या रस्त्याने वस्तीवर जायचं, मग बाकीची गावं घेत, जामखेडच्या लोकांना घेऊन नगर गाठायचं. येताना उलटं. आमचा सगळ्यांचा वळसा वाचला. मी चहाच्या वेळेला घरात पोचायला लागले. बाबा मात्र आता सगळ्यांच्या आधी चढत होते आणि सगळ्यांच्या नंतर उतरत होते.

मी गाडीत चढायचे तेव्हा ते खिडकीशी बसलेले असायचे. "या बाई," म्हणायचे. मी उतरायचे तेव्हाही ते तिथेच असायचे. "या बाई, जपून." माझ्या मागे गाडी किती चालते, हा विचार मनात आला नाही. रस्त्यावरून घराकडे वळलं की आपण आपले होतो.

सत्कार झाला. गावातल्या पेपरात फोटो आला. काकासाहेबांनी भाषणात सांगितलं की आपल्या लेकीने गाडीला पंख लावले.

नंतर काही आठवड्यांनी एका गुरुवारी बाबा गाडीत नव्हते.

"पावन्याकडं गेल्यात म्हनं," कल्याण म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्या आजारात खेप चुकवत नाहीत. पाणी अंगात साठतं, छातीत चढतं. शनिवारीही त्यांची जागा रिकामी दिसली तेव्हा मी गाडीतूनच ज्ञानेश्वरीला फोन केला. तिने वस्तीवर फोन लावला. बाबांच्या बायकोने, बनुबाईंनी उचलला, "बरं हाय त्यांचं," एवढं म्हणाल्या आणि ठेवला.

रविवारी गाडी मोकळी असते. सकाळी ज्ञानेश्वरीने कल्याणला गाडी काढायला लावली आणि मलाही बरोबर घेतलं. "बाई, तुम्ही असलात तर ते ऐकतील," ती म्हणाली.

वस्तीवर घराच्या पडवीत बाज होती आणि बाजेवर पुंजारामबाबा. मी त्यांना चार-पाच दिवसांपूर्वी पाहिलं होतं. तोच माणूस हा, यावर विश्वास बसेना. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. पाय खांबासारखे. आडवं होता येत नव्हतं म्हणून गोधड्यांच्या ढिगाला टेकून बसलेले, आणि प्रत्येक श्वासाला छातीत घुरघुर.

"बाबा!" ज्ञानेश्वरी ओरडलीच. "अहो, दोन खेपा चुकल्या तुमच्या! चला, गाडी आणलीय."

त्यांनी हात हलवला. "न्हाई पोरी. म्या थांबिवलंय आता."

"थांबवलंय म्हणजे?"

"म्हंजी थांबिवलंय. लई झालं. वय झालंच हुतं."

ते हे अगदी शांतपणे बोलले. माझाच आजार. माझ्याच गाडीतला माणूस. आणि त्याने ठरवून टाकलं होतं.

बनुबाई दारात उभ्या होत्या. पदर तोंडात. एकदम बोलल्या, "सांगा की तिला. का मी सांगू?"

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं.

"तुमी समदे उतरून गेल्यावर लई येळ गाडी फिरती, बाई," बनुबाई मला म्हणाल्या. "मशीनवरनं उतरलं की ह्यांचे पाय वळत्यात, पोटात कळा येत्यात. त्यात ती वळणं. एक डाव गाडीतच घान झाली. धोतरात. कल्याननं धुतलं बिचाऱ्यानं, कोनाला सांगितलं न्हाई. पन ह्यांनी लई मनाला लावून घेतलं. मग काय केलं, आदल्या दिसापासनं खानंच सोडलं. पोटात काय नसलं तर काय व्हायचं न्हाई म्हनं. उपाशी जायचे अन् उपाशी यायचे. मंगळवारी तुमी उतरल्यावर गाडीत चक्कर येऊन पडले. सत्काराच्या आदीपासनं मनात हुतंच, मग म्हनले, बास."

ज्ञानेश्वरी कल्याणकडे वळली. "कल्याणदादा, तुम्हाला माहीत होतं?"

कल्याणने मान खाली घातली. "बाबांनी माझ्या म्हातारीची शपथ घातल्ती, ताई. काय करू?"

"बाबा, मला का नाही सांगितलं? एक फोन करायचा होता!"

भिंतीकडे तोंड असूनच ते बोलले. मधे मधे दम घ्यावा लागत होता. "काय सांगायचं? समद्यांचा येळ वाचला म्हनले. बाई लवकर घरी जात्यात. तुजा सत्कार झाला. तुजी आई अशीच गेली, ठाव हाय मला. तू कोनासाठी करती त्ये बी ठाव हाय. मग एका म्हाताऱ्यापायी समद्यांना वळसा घाल म्हनायचं व्हय? म्या एकटाच तर हुतो."

ज्ञानेश्वरी अंगणात मातीतच बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती पुटपुटत होती ते मला अर्धंच ऐकू आलं. "आईचे पाय मी चोळले, बाई. दर खेपेला चोळले. मला माहीत होतं की पाय वळतात. मला माहीत होतं…" आणि तिला उलटी झाली.

मी आयुष्यात बरेच मृत्यू बघितलेत. पण जिवंत माणूस सगळ्यांची सोय व्हावी म्हणून गुपचूप बाजूला सरकतो, आणि ते सोय झालेल्यांना कळतही नाही, हे मी त्या अंगणात पहिल्यांदा बघितलं. त्या सोयीत माझा रोजचा चहा होता.

थोड्या वेळाने ज्ञानेश्वरीने चूळ भरली, तोंड धुतलं आणि बाजेपाशी गेली. रडत नव्हती.

"बाबा, मी तुम्हाला समजावत नाही. आज एवढ्यापुरतं चला. श्वास मोकळा होऊ द्या. मग गाडी कशी फिरवायची ते मी बघते. मला नाही जमलं, तर तुम्ही म्हणाल ते खरं."

बनुबाईंनी आत जाऊन त्यांचं धोतर, पंचा, तांब्या गाठोड्यात बांधलं आणि थेट गाडीत जाऊन बसल्या. तिथून ओरडल्या, "म्या चालले! ज्याला यायचं त्यानं यावं!"

कल्याणने आणि आम्ही दोघींनी बाबांना उचलून गाडीत आणलं. नगरला पोचलो तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. "आणखी उशीर केला असता तर इथे आणायची गरजच राहिली नसती," म्हणाले. लगेच मशीनवर घेतलं, आणि मग त्यांना तिथेच ठेवून घेतलं.

पुढच्या मंगळवारी मी गाडीत चढले तर बाबांच्या जागेवर ज्ञानेश्वरी बसली होती. ती सकाळी वस्तीवरून चढली होती. आमचं डायलिसिस होईपर्यंत ती दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली, येताना पुन्हा त्याच जागेवर. मी उतरले, ती बसलेलीच. दुसऱ्या दिवशी मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, माझं अंग धडधाकट आहे. मला काही झालेलं नव्हतं. तरी वस्ती येईपर्यंत माझ्या पोटात ढवळत होतं. तुम्ही उतरल्यावरचा तो रस्ता… मी तो कधी पाहिलाच नव्हता. माझ्याकडे नकाशावरची नुसती एक रेघ होती."

मग ती कामाला लागली. आधी तिने आहे त्याच मांडणीत बाबांपुरता बदल करून बघितला. जमेना. बाबांना पुढे घ्यावं तर दुसऱ्या कुणाला तरी तेवढाच वेळ बसावं लागे. एकाला इकडून तिकडच्या तुकडीत टाकावं तर गाडीला दोन्ही दिशांना जावंच लागे, आणि आकडा वाढे. दोन दिवस तिचा चेहरा बघवत नव्हता.

तेव्हा तिने सगळी मांडणी पुसून टाकली. नव्याने मोजायला घेतलं. या वेळी पहिला प्रश्न एकूण वेळाचा नव्हता. सगळ्यात जास्त वेळ गाडीत कोण बसतं, तो वेळ कमी करायचा होता. आणि कॉम्प्युटरला तिने मुभा दिली: सुरुवातीला एखादा बदल नुकसानीचा वाटला तरी कधीकधी घे, पुढे जाऊन बघ, मग हळूहळू ही सूट कमी कर. निरनिराळ्या सुरुवातींनी तिने ते पुन्हा पुन्हा चालवलं.

संध्याकाळच्या सुमाराला ती माझ्या घरी आली. मोबाईल माझ्यासमोर धरला आणि नुसती बघत राहिली. मला वाटलं, पुन्हा काही वाईट झालं.

"काय झालं गं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. बाई, हे बघा."

डोंगराकडचे सगळे पेशंट एका तुकडीत आले होते, खालच्या गावांचे सगळे दुसऱ्या. एका दिवशी गाडी फक्त एकाच अंगाला जाणार. कुणालाच फार वेळ बसावं लागत नव्हतं. बाबा पूर्वीसारखे शेवटी चढून आधी उतरणार होते. मी म्हटलं, "मग छानच की! थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल आम्हाला."

"जास्त लागत नाहीये," ती म्हणाली. "एकूण वेळसुद्धा कमी झालाय. माझा सत्कार झाला त्या आकड्यापेक्षा कमी."

"मग आधी का नाही सापडलं हे?" मी विचारलं.

"एकेकाची अदलाबदल करून इथे पोचताच येत नव्हतं, बाई. एका गावातला एक पेशंट हलवला तरी दुसऱ्यासाठी गाडीला तिथं जावंच लागायचं. सगळे एकदम हलले तरच फायदा. मधे सगळं बिघडल्यासारखं दिसतं, म्हणून आधीचा शोध तिथंच अडकला. आणि मी त्यालाच सगळ्यात चांगलं म्हटलं." ती खाली बसली. "मला वाटत होतं, सगळ्यांचा वेळ वाचवायची किंमत बाबांनी भरली. वाईट होतं, पण निदान काहीतरी मिळालं होतं. तसंही नव्हतं. ते उगाच भोगलं त्यांनी. कशासाठीच नाही."

मी तिला जवळ घेतलं. त्या दिवशी अंगणात बसला त्यापेक्षा हा धक्का मोठा होता, तिलाही आणि मलाही.

बदल सहज झाला नाही. दवाखान्याला मशीनच्या पाळ्या बदलाव्या लागल्या. काकासाहेब म्हणाले, "सत्कार होऊन दोन महिने नाही झाले, आता तेच चुकलं म्हणून कसं सांगायचं?" ज्ञानेश्वरी म्हणाली, "मी सांगते." सगळ्या पेशंटांना आणि घरच्यांना बोलावून तिने बाबांची परवानगी घेऊन जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. मग एकेक जण बोलायला लागलं. पुष्कळांनी त्यांच्यासारखंच काही ना काही लपवलेलं होतं. एक बाई तर दर खेपेला गाडीत तोंडात पदर कोंबून बसायची, ते त्या दिवशी बाहेर आलं. फक्त आमच्यातला रंगनाथ शेवटपर्यंत कुरकुरला. त्याचं बाजारात भाजीचं दुकान, आणि नव्या तुकडीत नेमका बाजाराचा दिवस बुडत होता. "माझं पोट कोन बघनार?" तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. ज्ञानेश्वरीने पुष्कळ प्रयत्न केले, तिला जमलं नाही. आता त्याची सून दुकानावर बसते. तो कितीतरी दिवस ज्ञानेश्वरीशी बोलत नव्हता, अजूनही जेवढ्यास तेवढं.

पुंजारामबाबा बरे होऊन घरी आले. पहिल्या दिवशी नव्या तुकडीबरोबर निघताना त्यांनी ज्ञानेश्वरीला विचारलं म्हणे, "पोरी, आता कोन उतरतं शेवटी?" तिने नाव सांगितलं आणि किती वेळ लागतो तेही सांगितलं. "त्याला इचारलं का?" "विचारलं, बाबा." मग ते चढले.

मध्यंतरी पारनेरच्या एका संस्थेने तिला बोलावलं, तशीच गाडी सुरू करायची म्हणून. त्यांनी विचारलं, सगळ्यात चांगला मार्ग किती दिवसांत काढून द्याल? ती म्हणाली, "सगळ्यात चांगला मला माहीत नाही, आणि कळणारही नाही. सापडेल त्यातला बरा देईन. पण आधी महिनाभर मी गाडीत बसणार आणि सगळ्यांच्या घरी जाणार." त्यांना ते फारसं पटलं नाही, असं ती म्हणाली. तरी ती जाते. तिथल्या रस्त्यांची धूळ अंगावर घेऊन परत येते.

तुकड्या बदलल्यामुळे बाबा आता माझ्या गाडीत नसतात. खिडकीशी दुसरं कोणी असतं. कल्याणकडून खुशाली कळते. परवा तो म्हणाला, "बाबा आता डबा नेत्यात, बाई. बनुआजी दोन भाकरी बांधून देती. दोन्ही बी संपवत्यात."